मोठा मेंदू आणि मध्यमेंदू यांच्यातल्या वाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे इथल्या शाळांत आणि वाचनालयांत मी मेंदूवर बोलतो आहे. व्याख्यान संपलं तरी प्रश्न संपत नाहीत. फोनवर येतात, रात्री दहानंतरही येतात, आणि ते आले की मला बरं वाटतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठूनही वाचायला घ्या. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मध्यमेंदू डोक्यात नेमका कुठे असतो? केवढा असतो?

कवटीच्या जवळजवळ मध्यात, खोल आत. त्याच्या वर थॅलॅमस (मोठ्या मेंदूकडे जाणाऱ्या माहितीचा थांबा) आणि मोठा मेंदू, खाली पॉन्स (मेंदूच्या देठाचा पुढचा भाग), मागे लहान मेंदू. माणसाचा मध्यमेंदू साधारण दोन सेंटिमीटर लांब, म्हणजे अंगठ्याच्या शेवटच्या पेराहूनही लहान. पुढच्या बाजूला तंतूंचे दोन जाड खांब, मागच्या बाजूला चार छोटे उंचवटे आणि मधून जाणारी पाण्याची एक बारीक नळी, एवढं डोळ्यांपुढे आणलंत तरी पुढचं सगळं समजेल.

२. "टेकड्या" म्हणजे काय? व्याख्यानात तुम्ही सारखा तोच शब्द वापरत होता.

मागचे चार उंचवटे म्हणजे टेकड्या. शास्त्रीय नाव कॉलिक्युलस, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थच "छोटी टेकडी" असा आहे. वरची जोडी सुपिरिअर कॉलिक्युलस. डोळे, कान, मान ज्या दिशेला वळायला हवीत ती दिशा तिथे ठरते. खालची जोडी इन्फिरिअर कॉलिक्युलस. कानाकडून वर जाणारी जवळजवळ सगळी माहिती तिथे थांबा घेऊन पुढे जाते.

मध्यमेंदूत याशिवायही बरंच काही आहे. नळीभोवतीचा करडा भाग भीती आणि वेदनेशी जोडलेला आहे. सबस्टॅन्शिया नायग्रा हा काळसर पुंजका आहे. पार्किन्सनच्या आजारात त्याच्यातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. आणखी एक तांबूस केंद्रक, म्हणजे पेशींचा पुंजका, आहे, त्याच्याविषयी प्रश्न ११ पाहा.

टेकड्यांची रचना फार जुनी आहे. बांगड्याचं डोकं कधी जपून उघडलंत तर मेंदूवर दोन ठळक गोल फुगवटे दिसतील. तीच या वरच्या टेकड्यांची माशातली भावंडं. माशाच्या मेंदूत ती सर्वांत उठून दिसतात. आपल्यात त्यांच्यावर मोठ्या मेंदूचा एवढा पसारा चढला आहे की ती नजरेलाही पडत नाहीत.

३. संवेदी आणि चालक भाग म्हणजे कुठले? ते मध्यमेंदूशी कशाने जोडलेले असतात?

मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर राखाडी सालीसारखा थर असतो, तो कॉर्टेक्स. त्याची जाडी दोन ते चार मिलिमीटर. पाहण्याचा भाग डोक्याच्या मागे, ऐकण्याचा कानांच्या वरच्या बाजूला, स्पर्शाचा माथ्यावरून आडवा आणि त्याच्या लगेच पुढे हालचालींचा म्हणजे चालक भाग.

या सालीचे सहा थर असतात. मध्यमेंदूकडे जाणाऱ्या तारा मुख्यतः पाचव्या थरातल्या मोठ्या, त्रिकोणी आकाराच्या पेशींपासून निघतात, मग तो भाग पाहण्याचा असो, ऐकण्याचा असो की हालचालींचा. अशा पेशीचा अक्षतंतू, म्हणजे तिची लांब तार, खाली जाताना फांद्या फोडतो. तीच तार थॅलॅमसला, मध्यमेंदूला, पॉन्सला आणि काही वेळा थेट पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूलाही निरोप देते. एकाच निरोपाच्या प्रती एकाच वेळी अनेक पत्त्यांवर जातात. मला तरी या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: हालचाल करणाऱ्याला आणि त्या हालचालीची दखल घेणाऱ्याला एकाच क्षणी खबर मिळते.

या पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडतात, म्हणजे पुढच्या पेशीला चेतवतात. कॉर्टेक्सला मध्यमेंदूतलं काही शांत करायचं असेल तर त्याला आडवाट घ्यावी लागते. ती प्रश्न ९ मध्ये सांगितली आहे.

४. पुढच्या जाड खांबांतून जाणारे सगळे तंतू मध्यमेंदूतच थांबतात ना?

नाही. त्यातले बहुसंख्य पुढे पॉन्सला जातात आणि काही मज्जारज्जूपर्यंत. मध्यमेंदू त्यांच्यासाठी फक्त वाटेतलं गाव. टेकड्यांकडे येणारे तंतू बहुतेक त्याच बाजूला राहतात: डाव्या कॉर्टेक्सचे डाव्या टेकडीला. आणि डावी टेकडी उजवीकडचं जग सांभाळते.

५. डोळ्यांतून माहिती थेट टेकडीवर येते म्हणता. मग पाहणाऱ्या कॉर्टेक्सने तिथे पुन्हा तार कशाला टाकायची?

हा प्रश्न एका अकरावीच्या मुलीने विचारला होता आणि तिचा मुद्दा रास्त आहे. उंदरात डोळ्याच्या पडद्यावरून निघणाऱ्या पेशींपैकी ८५ ते ९० टक्के पेशी वरच्या टेकडीला तंतू पाठवतात. माकडांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे उंदराची टेकडी कॉर्टेक्सशिवायही बरंच काही पाहू शकते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग घ्या. उंदराच्या डोक्याच्या वरच्या बाजूला चित्र दाखवणारा पडदा लावला आणि त्यावर एक काळा गोल झपाट्याने मोठा होत जाताना दाखवला, घार झेपावते तसा. उंदीर तत्काळ आडोशाकडे धावला किंवा जागच्या जागी थिजला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. टेकडीतल्या काही पेशी नेमक्या अशा "अंगावर येणाऱ्या" आकारालाच प्रतिसाद देतात. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या संशोधकांनी पाहणारा कॉर्टेक्स तात्पुरता शांत करून त्याच पेशी तपासल्या. प्रतिसाद कमी झाला. पण कशाला द्यायचा ही निवड तशीच राहिली. काय धोकादायक ते टेकडीला आधीच ठाऊक होतं, प्रतिसाद किती मोठा करायचा हे कॉर्टेक्स ठरवत होता.

कॉर्टेक्सच्या तारेचं काम इथे मला सर्वांत स्पष्ट दिसतं. मालक नोकराला हुकूम देतो असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. खाली आधीपासून सगळं चालू असलेलं एक घर आहे, आणि वरचा मजला त्या घराला आजचा प्रसंग काय आहे ते कळवत राहतो.

६. टेकडीवर "नकाशा" असतो म्हणजे काय?

वरच्या टेकडीच्या पृष्ठभागावर शेजारी शेजारी असलेल्या पेशी बाहेरच्या जगातल्या शेजारी शेजारी असलेल्या जागा सांभाळतात. वरच्या थरांत नुसतं दृश्य. मधल्या आणि खोल थरांत आवाज, स्पर्श आणि हालचाल. गंमत अशी की हे नकाशे एकाखाली एक जुळवून ठेवलेले असतात. उजवीकडे वर दिसणारी वस्तू, उजवीकडे वरून येणारा आवाज आणि नजर उजवीकडे वर नेणारी हालचाल, तिन्ही एकाच उभ्या खांबात.

डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९७२ मध्ये माकडाच्या टेकडीला अगदी सौम्य विद्युत धक्का देऊन पाहिलं. प्रत्येक जागेवरून नजर एका ठरावीक दिशेने, ठरावीक अंतर उडी मारत होती. जागा बदलली की उडी बदलायची.

७. दिसणं आणि ऐकू येणं एकत्र कुठे होतं? त्यात कॉर्टेक्सचा हात असतो का?

असतो, आणि तो कसा असतो ते मांजरांनी दाखवलं.

आधी आपल्या दारातलं उदाहरण. जून महिन्यातली पहाट, पाऊस धो धो. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों आवाज पागोळ्यांच्या गोंगाटात जेमतेम ऐकू येतो. वळणावर त्याच्या छत्रीखाली काहीतरी हलतंय असं वाटतं, तेही अंधुक. नुसता आवाज असता तर तुम्ही उठला नसतात. नुसती सावली असती तर लक्षही गेलं नसतं. दोन्ही एकाच दिशेने, एकाच क्षणी आले आणि मान आपोआप वळली, पिशवी हातात आली.

बॅरी स्टाइन आणि अ‍ॅलेक्स मेरिडिथ यांनी १९८३ पासून मांजराच्या वरच्या टेकडीतल्या पेशींमध्ये हेच मोजलं. दृश्य आणि आवाज एकाच जागेवरून, एकाच वेळी आले तर पेशीचा प्रतिसाद प्रत्येकाच्या एकट्या प्रतिसादापेक्षा कितीतरी वाढतो, पुष्कळदा दोघांच्या बेरजेहूनही. दोन्ही खुणा जेवढ्या क्षीण, तेवढा हा फायदा मोठा. दोन जागांवरून आले तर फायदा होत नाही, उलट प्रतिसाद दबू शकतो.

पुढचा भाग कॉर्टेक्सचा. मांजराच्या मेंदूच्या बाजूला एक खाच आहे, तिच्या आजूबाजूचा संवेदी कॉर्टेक्स टेकडीला तारा पाठवतो. ती जागा थंड करून तात्पुरती बंद केली तेव्हा टेकडीतली पेशी दृश्याला उत्तर देत राहिली, आवाजालाही देत राहिली; फक्त दोघांना एकत्र जोडून मिळणारी वाढ नाहीशी झाली. ती जागा पुन्हा गरम केली, वाढ परत आली. दोन धागे टेकडीत आधीच होते, त्यांची गाठ मारायला मात्र कॉर्टेक्स लागत होता.

८. हे जन्मतःच येतं का?

नाही. नवजात मांजरीच्या पिल्लाच्या टेकडीत अशी जोडणी दिसत नाही. ती काही आठवड्यांनी, कॉर्टेक्सच्या तारा कामाला लागतात तशी तयार होते. अंधारात वाढवलेल्या मांजरांत ती नीट तयारच होत नाही. दृश्य आणि आवाज एकत्र अनुभवल्याशिवाय ते एकत्र जोडायला मेंदू शिकत नाही.

कानाचंही तसंच आहे. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या एका कानात बोळा घातला की आवाज कुठून येतोय ते त्याला कळेनासं होतं, पण काही दिवसांच्या सरावाने तो पुन्हा शिकतो. ऐकणाऱ्या कॉर्टेक्सपासून खालच्या टेकडीला जाणाऱ्या पाचव्या थरातल्या पेशी काढून टाकल्या तर त्याला बोळा नसताना दिशा ओळखता येते, पण बोळ्यासह नव्याने शिकता येत नाही. २०१० सालचं हे संशोधन. शाळेत मी ते नेहमी सांगतो, कारण कॉर्टेक्सकडून खाली जाणाऱ्या तारा शिकण्यासाठी लागतात हे त्यातून लगेच पटतं.

९. चालक भाग हुकूम सोडतो आणि मध्यमेंदू तो पाळतो, असंच ना?

अर्धंच बरोबर. कपाळामागे नजरेच्या हालचालींचा एक खास भाग आहे, फ्रंटल आय फील्ड. तिथून वरच्या टेकडीला थेट तार जाते. पण पीटर शिलर यांच्या गटाने १९७९-८० च्या सुमाराला माकडांत दाखवलं की नुसती टेकडी गेली तरी नजर काही दिवसांत पुष्कळशी सावरते, नुसता कपाळामागचा भाग गेला तरी सावरते. दोन्ही गेले की मात्र नजर कायमची अडखळते. याचा अर्थ खालपर्यंत पोचायला दोन समांतर वाटा आहेत.

तिसरी वाट आडवाटेची, आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. कॉर्टेक्स स्ट्रायटम या मोठ्या मेंदूच्या खोल भागाला चेतवतो. स्ट्रायटम सबस्टॅन्शिया नायग्राच्या एका भागाला शांत करतो. आणि हा नायग्रा एरवी सतत, न थकता, टेकडीला दाबून धरत असतो.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरची मानस, म्हणजे पाण्याचं फळीचं दार, तुम्ही पाहिली असेल. भरतीला नदीचं खारं पाणी फळीला बाहेरून दाबून बंद ठेवतं. ओहोटी लागली की कुणी फळी ओढत नाही. बाहेरचा दाब उतरतो, आणि आत साचलेलं पाणी तिला लोटून वाट काढतं. नायग्रा हा तो भरतीचा दाब. हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी १९८३ मध्ये माकडांत पाहिलं की नजर हलण्याच्या क्षणी नायग्राच्या पेशी थांबतात, आणि त्याच सुमाराला टेकडीच्या पेशी उसळतात. म्हणून "कॉर्टेक्स हालचाल घडवतो" म्हणण्यापेक्षा पुष्कळदा "कॉर्टेक्स हालचालीवरचा दाब उतरवतो" हे म्हणणं जास्त खरं ठरतं.

१०. बहुतेक प्रयोग उंदरावर होतात. त्यातून आपल्याला काय कळणार?

रचना कळते, प्रमाण नाही. उंदीर मिशांनी जग चाचपतो. मिशांच्या संवेदी कॉर्टेक्समधले पाचव्या थराचे तंतू त्याच्या वरच्या टेकडीच्या मधल्या थरांत उतरतात, आणि मिशांचा नकाशा दृश्याच्या नकाशाशी जुळलेला असतो. आपल्याला मिशा तशा नाहीत, तिथे हात आणि चेहरा आहे.

२०२१ मध्ये उंदराच्या कॉर्टेक्सपासून टेकडीकडे येणाऱ्या तारांचा सविस्तर नकाशा प्रसिद्ध झाला. तारा कुठून येतात त्यावरून टेकडीचे चार पट्टे पडले. आतल्या पट्ट्यात पाहण्याशी संबंधित तारा जास्त. तिथे आकाशाकडचं दृश्य असतं, जिथून घार येते. बाहेरच्या पट्ट्यात तोंड आणि मिशांचा स्पर्श व चालक भागांच्या तारा जास्त. तिथे जमिनीजवळचं जग, जिथे दाणा सापडतो. पळायचं की पकडायचं हा प्रश्न टेकडीच्या रचनेतच वाटून ठेवला आहे.

११. तांबूस केंद्रकाचं काय? पुस्तकात एका ओळीत संपवलंय.

चालक कॉर्टेक्स आणि लहान मेंदू दोघेही त्याला तारा पाठवतात. मांजर, उंदीर अशा प्राण्यांत तिथून मज्जारज्जूला जाणारा मार्ग पंजाच्या हालचालींसाठी महत्त्वाचा आहे. माणसात तो मार्ग क्षीण झाला आहे आणि केंद्रकाचा लहान मेंदूच्या वर्तुळात गुंतलेला भाग वाढला आहे. पुस्तकातली ओळ माणसापुरती ठीक आहे.

१२. या वाटा दिसतात तरी कशा? तारा तर केसाहूनही बारीक.

निरुपद्रवी केलेला विषाणू पेशीत सोडतात. तो तिला चमकणारं प्रथिन बनवायला लावतो, आणि अक्षतंतू शेवटच्या फांदीपर्यंत हिरवा उजळतो. उलट दिशेने, म्हणजे टेकडीला तार कोण पाठवतं हे पाहायचं असेल तर रेबीजचा बदललेला विषाणू वापरतात. तो चेतापेशींत मागे मागे सरकतो, आणि तो फक्त एकच पायरी मागे जाईल असं बंधन २००७ मध्ये घालता आलं. कुत्रं चावल्यावर ज्या विषाणूला आपण घाबरतो, त्याच्याच वागण्यातून मेंदूचे नकाशे निघाले आहेत.

१३. ही वाट एकेरी आहे का? मध्यमेंदू वर काही सांगतो की नाही?

सांगतो. एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, पापणीवरून, बोटाने अगदी हलकेच दाब द्या. समोरचं जग हलेल. आता बोट काढून नजर स्वतःहून इकडून तिकडे फिरवा. जग जागेवरच राहतं. दोन्ही वेळा डोळ्याच्या पडद्यावरचं चित्र सरकलंच होतं.

फरक एवढाच की स्वतः नजर फिरवताना मेंदूला आधी खबर असते. सॉमर आणि वुर्ट्झ यांनी २००२ मध्ये माकडांत अशा खबरेची एक वाट दाखवली: वरच्या टेकडीपासून थॅलॅमसमार्गे कपाळामागच्या भागाकडे, "आता नजर अमुक ठिकाणी जाते आहे" असा निरोप. थॅलॅमसमधला तो थांबा बंद केल्यावर माकडांना दोन उड्यांपैकी दुसरीचा हिशेब लागेना.

१४. मध्यमेंदूला इजा झाली तर बाहेरून काय दिसतं?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझ्या मामाची उजवी पापणी एका सकाळी खाली आली, तो डोळा बाहेरच्या बाजूला वळला आणि डाव्या हातातून चहाची बशी निसटली. आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे थेंब लिहून दिले. हाताचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. अर्धा दिवस गेला. तो मध्यमेंदूचा झटका होता. डोळा हलवणारी नस मध्यमेंदूतून त्याच बाजूने निघते, आणि पुढच्या खांबातले चालक तंतू खाली जाऊन बाजू बदलतात. म्हणून पापणी एका बाजूची आणि हात दुसऱ्या बाजूचा. याला वेबर सिंड्रोम म्हणतात.

पापणी अचानक पडली आणि हातपाय किंवा बोलणं यांत काही बदललं, तर कृपा करून थांबू नका. १०८ ला फोन करा आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ सांगा.

टेकड्यांवर मागून दाब आला, उदाहरणार्थ पिनिअल ग्रंथीची गाठ वाढून, तर माणसाला वर बघता येईनासं होतं. हे पारिनो सिंड्रोम.

१५. पाहणारा कॉर्टेक्स गेलेल्या माणसाला काहीच दिसत नाही ना? मग "आंधळेपणी पाहणं" कसं शक्य आहे?

तो माणूस "मला काही दिसत नाही" म्हणतो आणि खरंच म्हणतो. पण त्याच्या आंधळ्या बाजूला ठिपका दाखवून "अंदाजाने बोट दाखवा" म्हटलं तर बोट पुष्कळदा बरोबर जागी जातं. लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ यांनी १९७० च्या दशकात याचा सखोल अभ्यास केला. डोळ्यांपासून वरच्या टेकडीला जाणारी थेट वाट (प्रश्न ५) शाबूत असते, हे त्याचं एक कारण. सगळं श्रेय मात्र टेकडीला देऊ नका. माकडांवरच्या प्रयोगांत थॅलॅमसमधून जाणाऱ्या वाटेचाही वाटा दिसला आहे.

१६. सर, दोन इजांनी प्राणी बरा होतो असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का?

खरं आहे. जेम्स स्प्रॅग यांनी १९६६ मध्ये मांजराच्या एका बाजूचा पाहणारा कॉर्टेक्स मोठ्या प्रमाणात काढला. मांजर विरुद्ध बाजूकडे वळेनासं झालं. मग त्यांनी दुसऱ्या बाजूची वरची टेकडी काढली, आणि मांजर त्या हरवलेल्या बाजूकडे पुन्हा वळू लागलं. टेकडी न काढता दोन टेकड्यांना जोडणारा पूल कापला तरी तोच परिणाम.

पहिल्या इजेनंतर त्या बाजूची टेकडी शाबूत होती. फक्त कॉर्टेक्सकडून येणारं चेतावणं थांबलं होतं आणि पुलावरून येणारा दाब तसाच राहिला होता. तोल गेला होता. पूल कापल्यावर दाब उतरला. पुढे १९८९-९० च्या सुमाराला दिसलं की त्या पुलावरून समोरच्या बाजूच्या सबस्टॅन्शिया नायग्राचे तंतूही येतात, म्हणजे प्रश्न ९ मधल्या मानशीवर पलीकडच्या काठाचं पाणीही दाबत असतं.